प्रवासातला श्रोता : परदेश-दौऱ्यांतील मैफलींचे ध्वनिमुद्रण आणि मौखिक संहितेचा प्रश्न

ध्वनिमुद्रिकेवर टाळ्या कशासाठी जपून ठेवायच्या, हा प्रश्न वरकरणी तांत्रिक वाटतो. स्टुडिओत गाणे मुद्रित करताना खोकला, खुर्चीची करकर, दाराचा आवाज हे सारे कटाक्षाने बाहेर ठेवले जाते. मैफलीचे मुद्रण करताना मात्र श्रोत्यांच्या दिशेने वेगळा मायक्रोफोन रोखून या गोंगाटाचाच संग्रह केला जातो आणि अंतिम मिश्रणाच्या वेळी त्याचे प्रमाण ठरवले जाते. अशा मुद्रणात श्रोता हा संहितेचाच एक घटक असतो. तो घरचा श्रोता नसून दौऱ्यावर भेटलेला परका, किंवा परदेशी स्थायिक झालेला आपलाच श्रोता असेल, तर त्या संहितेचे काय होते? एक उदाहरण मराठी घराण्यातील गायिकेचे आणि दुसरे मराठी मुलुखाच्या पूर्व सीमेपलीकडचे, भिलाईच्या सुपेला परिसराच्या आसपासचे. ही दोन शेजारी ठेवली म्हणजे या प्रश्नाची दोन अगदी वेगळी उत्तरे हाती येतात.

१९७४ च्या मार्च महिन्यात लंडनच्या रॉयल आल्बर्ट हॉलमध्ये लता मंगेशकर यांच्या मैफली झाल्या. दिलीपकुमार यांनी उर्दूत गायिकेचा परिचय करून दिला आणि मैफलीचे मुद्रण पुढे दोन लाँगप्ले तबकड्यांच्या रूपाने प्रसिद्ध झाले. सभागृहात प्रामुख्याने ब्रिटनमध्ये स्थायिक झालेला भारतीय उपखंडातील समाज होता. १९७२ मध्ये युगांडातून हाकलली गेलेली कुटुंबे त्या देशात येऊन तेव्हा जेमतेम दीड वर्ष झाले होते. या तबकड्या ऐकताना एक गोष्ट लक्षात येते. टाळ्या गाणे संपल्यावर येतात, तशा त्या गाणे सुरू होतानाही येतात. मुखड्याचे पहिले शब्द कानी पडताच सभागृहातून एक लाट उठते. बैठकीत दाद समेला किंवा एखाद्या अवघड जागेला मिळते, म्हणजे गायकाने त्या क्षणी काही नवे केले म्हणून मिळते. येथे ती गाणे ओळखले म्हणून मिळते. मूळ पाठ श्रोत्यांनी आधीच घरी, रेडिओवर आणि चित्रपटगृहात ऐकलेला आहे. मैफलीतला पाठ त्या मुद्रित पाठाची पुनरावृत्ती आहे आणि तबकडीने जपले आहे ते मुख्यत्वे ओळखीच्या क्षणाला.

मराठी अभ्यासकाला या उलटापालटीचा इतिहास परका नाही. संगीत नाटकात पद ‘वन्समोअर’ने वाढत असे. श्रोत्यांच्या मागणीबरोबर एकाच पदाच्या दोन-तीन आवृत्त्या होत आणि प्रत्येकीत काही नवे घडे. ग्रामोफोनची तबकडी आली तेव्हा तेच पद सुमारे तीन मिनिटांत बसवावे लागले आणि श्रोता बाहेर गेला. बालगंधर्वांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून ज्यांनी त्यांच्या रंगभूमीची कल्पना केली, त्यांच्या कल्पनेत प्रेक्षागृह रिकामेच राहिले. चित्रपटगीत तर जन्मतःच तबकडीच्या मापाचे. म्हणून बलवंत संगीत मंडळीच्या मास्टर दीनानाथांची कन्या आल्बर्ट हॉलमध्ये गात असताना श्रोता पुन्हा संहितेत शिरला, ही केवळ कौटुंबिक योगायोगाची बाब ठरत नाही. बाहेर काढलेला प्रेक्षक अर्ध्या शतकानंतर तबकडीवर परत आला. मात्र पद वाढवण्याचा त्याचा जुना अधिकार त्याला मिळाला नाही. वाद्यवृंदाची रचना आधीच लिहिलेली होती.

यापूर्वीचे दौरे मुद्रणाच्या दृष्टीने अधिक कंजूष होते. उदय शंकर यांच्या नृत्यपथकाचे संगीत १९३७ च्या अमेरिका-दौऱ्यात व्हिक्टर कंपनीने मुद्रित केले. संगीत-दिग्दर्शन विष्णुदास शिराली यांचे, म्हणजे विष्णु दिगंबर पलुस्करांच्या शिष्याचे होते. हे मुद्रण मैफलीचे नव्हते. नृत्य वजा करून उरलेल्या संगीताचे होते. तेव्हाच्या तबकडीच्या एका बाजूवर चार-साडेचार मिनिटांपलीकडे काही मावत नसे. दुसऱ्या महायुद्धानंतर चुंबकीय फीत आणि १९४८ पासून लाँगप्ले तबकडी आल्यावरच अखंड मैफल मुद्रित करणे सुकर झाले, आणि अखंडतेबरोबर अनपेक्षित गोष्टीही मुद्रित होऊ लागल्या. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशच्या मदतीसाठी झालेल्या मैफलीत रविशंकर, अली अकबर खाँ आणि अल्लारखा यांनी वाद्ये जुळवून घेतली, तेव्हा श्रोत्यांनी त्या जुळवणीलाच टाळ्या दिल्या. रविशंकरांनी त्यावर केलेली मिस्कील टिप्पणीही तबकडीवर आहे. हा प्रसंग विनोद म्हणून सांगितला जातो. परंतु एका परंपरेची ‘सुरुवात’ कोठे होते हे दुसऱ्या परंपरेच्या श्रोत्याला ठाऊक नसते, याचा इतका निःसंदिग्ध लेखी पुरावा, आणि ध्वनिमुद्रिका हा येथे लेखच आहे, तौलनिक अभ्यासाला क्वचित मिळतो.

भिलाईचे उदाहरण याहून गुंतागुंतीचे आहे. प्रथम स्थळाविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. फेब्रुवारी १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारानुसार दुर्ग जिल्ह्यात पोलाद कारखाना उभा राहिला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. मुंबई-हावडा लोहमार्गाच्या दक्षिणेला सेक्टरांत विभागलेली आखीव वसाहत, उत्तरेला ग्रेट ईस्टर्न रोड आणि त्याच्या कडेने सुपेलासारख्या दाट वस्त्या व बाजार, अशी या शहराची ठेवण आहे. आखीव भागात देशाच्या सर्व प्रांतांतून आलेला नोकरदार वर्ग राहिला. सुपेल्याच्या बाजूने मात्र शहर छत्तीसगढच्या खेड्यांशी जोडलेले राहिले. पंडवानी गायिका तीजनबाई यांचे गनियारी हे गाव येथून उत्तरेला सुमारे चौदा किलोमीटरवर आहे आणि त्या स्वतः भिलाईच्या कारखान्यात नोकरीला होत्या. ही भूमी मराठी वाचकाला वाटते तितकी दूरची नाही. रतनपूरला बिंबाजी भोसल्यांची राजवट होती, नागपूरकर भोसल्यांचा अंमल १८५४ पर्यंत टिकला आणि त्यानंतर शतकभर छत्तीसगढचा कारभार नागपूरहूनच चालला. पेंड्रा येथून १९०० साली ‘छत्तीसगढ मित्र’ काढणारे माधवराव सप्रे मराठी भाषक होते. छत्तीसगढच्या ‘नाचा’ या लोकनाट्यातील प्रहसनांना ‘गम्मत’ म्हणतात आणि नागपूर-भंडाऱ्याकडे ‘खडी गंमत’ हा लोकनाट्यप्रकार आहे. हा शब्द कोणी कोणाकडून घेतला याचा निकाल लावण्यापेक्षा दोन्हीकडचा प्रेक्षक एकाच अपेक्षेने बसत होता, हे महत्त्वाचे.

पंडवानी म्हणजे पांडवांची वाणी, छत्तीसगढीतून सांगितलेले महाभारत. एक मुख्य गायक, त्याच्या हाती तंबुरा, मागे हार्मोनियम, तबला, ढोलक, मंजिरा यांची साथ, आणि या साथीदारांतच एक ‘रागी’. रागीचे काम साथ देण्यापुरते नाही. तो कथेत पदोपदी ‘हौ’ म्हणतो, प्रश्न विचारतो, आश्चर्य व्यक्त करतो, कधी कथानायकाची बाजू घेतो, कधी निवेदिकेला चिमटा काढतो. त्याचा ‘हौ’ नागपुरी ‘हाव’चा शेजारीच. पोवाड्यातील झीलकरी किंवा गोंधळातील पूर्वरंगानंतर नाईकाला प्रश्न करणारा साथीदार यांच्याशी त्याचे नाते उघड आहे. तरीही रागीचे वेगळेपण असे की तो गायकाचा प्रतिध्वनी नाही. तो श्रोत्यांचा प्रतिनिधी आहे. गावातल्या पारावर बसलेला माणूस जे विचारील ते रागी विचारतो. या रचनेचा परिणाम दौऱ्यावर दिसतो. परदेशी सभागृहात छत्तीसगढी कोणालाच कळत नाही आणि श्रोते शिष्टाचार म्हणून शांत बसतात. अशा ठिकाणी पोवाडा किंवा कीर्तन निम्मे कोसळेल. पंडवानी कोसळत नाही, कारण तिने आपला श्रोता बरोबर नेलेला असतो. रागी हा प्रवासात नेता येणारा श्रोता आहे.

आल्बर्ट हॉलच्या तबकडीशी तुलना येथेच फलदायी होते. तेथे श्रोता संहितेच्या बाहेर होता आणि मुद्रणाने त्याला आत घेतले. पंडवानीत श्रोता मुळातच संहितेच्या आत आहे. त्यामुळे सभागृहातील टाळ्या वजा केल्या तरी मुद्रणात संवाद शिल्लक राहतो. ज्या कलाप्रकाराला आपण ‘मौखिक’ आणि म्हणून मुद्रणाला प्रतिकूल मानतो, तो या एका अर्थाने चित्रपटगीताच्या मैफलीपेक्षा मुद्रणाला अधिक अनुकूल ठरतो. ही गोष्ट लोकसाहित्याच्या रूढ मांडणीला छेद देणारी आहे.

मात्र ही अनुकूलता सर्व शैलींना सारखी नाही. पंडवानीच्या वेदमती आणि कापालिक अशा दोन शाखा सांगितल्या जातात. त्यांच्यातील भेद कोणी सबलसिंह चौहान यांच्या महाभारताशी असलेल्या निष्ठेवरून करतात, कोणी केवळ बसून की उभे राहून या निकषावर. झाडूराम देवांगन, पूनाराम निषाद आणि भिलाईच्या ऋतु वर्मा ही वेदमतीची नावे. गुडघ्यांवर बसलेला गायक मायक्रोफोनच्या कक्षेत राहतो. तीजनबाई कापालिक शैलीत उभ्या राहून गातात. स्त्रियांनी बसूनच गावे असा संकेत होता. पारधी समाजातील या मुलीने आजोळी आजोबा ब्रजलाल यांच्याकडून ऐकलेली कथा तेराव्या वर्षी उभे राहून सादर केली आणि त्याची किंमत समाजाच्या रोषाच्या रूपाने मोजली. त्यांच्या हातातला तंबुरा भीमाची गदा होतो, अर्जुनाचे धनुष्य होतो, द्रौपदीचे केस होतो. ध्वनिफितीवर या रूपांतरांच्या जागी केवळ मौन उमटते, किंवा पावलांचा आवाज, किंवा मायक्रोफोनपासून वळलेल्या तोंडाचा पुसट स्वर. दुःशासनवध निव्वळ कानांनी ऐकणाऱ्याला जेथे पोकळी भासते, तेथे सभागृहात सर्वांत मोठा क्षण घडत असतो. १९८८ मध्ये श्याम बेनेगल यांच्या ‘भारत एक खोज’ या दूरदर्शन-मालिकेने ही शैली चित्रमुद्रणातून देशभर पोहोचवली, तेव्हा ती पोकळी भरून निघाली. ध्वनिफीत वेदमतीच्या बाजूची आणि चित्रफीत कापालिकाच्या बाजूची, असे म्हणण्यास हरकत नाही. आणि एका शैलीची कीर्ती दुसरीपेक्षा अधिक का पसरली याचे कारण शोधताना गायकांच्या गुणांइतकाच यंत्राचाही विचार करावा लागेल.

१९८० च्या दशकापासून तीजनबाई यांचे दौरे इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी, स्वित्झर्लंड, तुर्कस्तान, ट्युनिशिया, रुमानिया, मॉरिशस असे दूरवर झाले. दौऱ्याचा पहिला आघात कालमानावर होतो. गावात अनेक रात्री चालणारी कथा सभागृहात तास-दीड तासात संपवायची असते. मग प्रसंग निवडावे लागतात, आणि द्रौपदी-चीरहरण, दुःशासनवध, भीष्म-अर्जुन युद्ध यांसारखे भाषेवाचूनही कळणारे, अंगविक्षेपाला वाव देणारे प्रसंग पुढे येतात. वंशावळी, उपकथा आणि शेजारच्या गावातील एखाद्या घटनेवर मारलेले शेरे मागे पडतात. यात कलावंताची तडजोड पाहणे अन्यायाचे होईल. ज्याच्यासाठी गायचे त्याच्या मापाने कथा कापणे हेच मौखिक कवीचे कौशल्य आहे. अडचण मुद्रणामुळे येते. यंत्र एका रात्रीची कापणी जपते आणि पुढच्या अभ्यासकाच्या हाती तीच ‘पंडवानीची संहिता’ म्हणून पडते. पाठभेदांच्या परंपरेतील एक भेद, तोही परक्या श्रोत्यासाठी घडवलेला, मूलपाठाच्या आसनावर बसतो.

तौलनिक साहित्यात या धोक्याची जाणीव जुनी आहे. मिल्मन पॅरी यांनी १९३३ ते १९३५ या काळात युगोस्लाव्हियात जाऊन दक्षिण स्लाव गायकांची वीरगीते अॅल्युमिनियमच्या तबकड्यांवर मुद्रित केली. गायकाला मध्येच थांबावे लागू नये म्हणून दोन यंत्रे आळीपाळीने चालवण्याची सोय त्यांनी केली होती. त्यांचे शिष्य अॅल्बर्ट लॉर्ड यांनी १९६० च्या ग्रंथात या सामग्रीवरून दाखवले की मौखिक गीताला ‘मूळ’ असे एकच रूप नसते. प्रत्येक गायन ही रचनाच असते. पण पॅरी गायकाकडे गेले होते. अव्दो मेजेदोविच आपल्याच मुलुखात गात होता. दौऱ्यावरील मुद्रणात गायक यंत्राकडे जातो. या दोन दिशांतील फरकाकडे पॅरी-लॉर्ड परंपरेने पुरेसे लक्ष दिलेले नाही. जॉइस फ्लूकिगर यांनी १९९६ च्या आपल्या ग्रंथात छत्तीसगढच्या कलाप्रकारांचा विचार तेथील श्रोतृसमूहाच्या अंगाने केला, ती दिशा येथे अधिक उपयोगी आहे. मात्र तिला दौऱ्यांच्या सामग्रीची जोड मिळायला हवी.

श्रोता संहिता घडवतो याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण भिलाईतच आहे. नागपूरच्या मॉरिस महाविद्यालयात शिकलेले रायपूरचे हबीब तन्वीर यांनी १९७० च्या दशकाच्या मध्यास भिलाईत कार्यशाळा घेतली. विजयदान देथा यांच्या राजस्थानी कथेवर ‘चोर चोर’ नावाचा छोटा प्रयोग त्यांच्या मनात आकार घेत होता. तो उघड्या मैदानावर सतनामी समाजाच्या मेळाव्यासमोर सादर झाला. सत्यवचन न मोडणाऱ्या चोराची कथा आणि ‘सत्य हाच ईश्वर’ मानणारा समुदाय यांची तेथे गाठ पडली, पंथीचे गायन प्रयोगात शिरले आणि ‘चरणदास चोर’ला त्याचा कणा मिळाला. १९७५ मध्ये नाटक पूर्ण रूपात आले, त्याच वर्षी श्याम बेनेगल यांनी त्यावर चित्रपट केला आणि त्यात राजकन्येची भूमिका स्मिता पाटील यांनी केली. १९८२ मध्ये नया थिएटरने एडिंबरा येथे फ्रिंज फर्स्ट पुरस्कार मिळवला, तेव्हा स्कॉटलंडच्या प्रेक्षकाने पाहिलेल्या संहितेत भिलाईच्या मैदानावरचा श्रोता गीतरूपाने उपस्थित होता. रागीचीच ही आणखी एक तऱ्हा. पुढचा प्रसंग मात्र कडू आहे. जून २००९ मध्ये तन्वीर यांचे निधन झाले आणि त्यानंतर काही आठवड्यांतच सतनामी समाजाकडून आलेल्या आक्षेपांनंतर छत्तीसगढ शासनाने ‘चरणदास चोर’च्या पुस्तकरूपावर बंदी घातली. ज्या समुदायाच्या सहभागाने प्रयोग घडला होता, त्याच्याच नावाने छापील पाठ अडवला गेला. प्रयोग तीन दशकांहून अधिक काळ गावोगावी चालला होता. गायले जाणारे वाक्य समोरच्या श्रोत्याच्या संमतीने पुढे सरकते. छापलेले किंवा मुद्रित वाक्य ती संमती न विचारताच उरते. या बंदीचे समर्थन करण्याचे कारण नाही, पण तिच्यामागील अस्वस्थता संहितेच्या गोठण्याशी जोडलेली आहे, हेही नाकारता येत नाही.

गोठलेल्या पाठाचा मालक कोण, हा प्रश्न यातूनच उद्भवतो. भारताच्या १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात प्रयोगकर्त्याला आरंभी स्वतंत्र हक्क नव्हता. तो १९९४ च्या दुरुस्तीने आला आणि १९९५ मध्ये अमलात आला. मुदत पंचवीस वर्षांची होती, ती १९९९ मध्ये पन्नास वर्षांची झाली. २०१२ च्या दुरुस्तीने स्वामित्वशुल्काचा आणि नैतिक हक्काचा विचार अधिक स्पष्ट केला. प्रयोगकर्त्याच्या कायदेशीर व्याख्येत नट, गायक, वादक, नर्तक यांच्या पंगतीत कसरतपटू, जादूगार आणि गारुडीही आहेत. मसुदा करणाऱ्याने जत्रा पाहिलेली असावी. तथापि १९८० च्या दशकातील दौऱ्यांवर ज्या फिती भरल्या गेल्या, त्या वेळी गाणाऱ्याच्या हाती देशी कायद्याने काहीच दिलेले नव्हते. लोककलावंताला तर आपण काय गायलो हे पुन्हा ऐकण्याचीही सोय नसे.

फिती परत आणण्याचा एक प्रयत्न महाराष्ट्रात सुरू झाला, याची नोंद येथे घ्यायला हवी. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज या संस्थेचे लोकसंगीतविषयक संग्रह व संशोधन केंद्र १९८२ मध्ये पुण्यात स्थापन झाले आणि पुढे दिल्ली परिसरात हलले. परदेशी संशोधकांनी भारतात केलेल्या ध्वनिमुद्रणांच्या प्रती भारतात उपलब्ध व्हाव्यात हा त्याचा एक मुख्य हेतू होता. नझीर जैराझभाय यांनी १९८४ मध्ये आर्नोल्ड बाके यांच्या मुद्रणांच्या स्थळी पुन्हा जाऊन केलेला अभ्यास याच दृष्टीचा. भारतात केलेल्या मुद्रणांसाठी हा मार्ग आखला गेला. दौऱ्यांवर, परक्या सभागृहांत झालेल्या मुद्रणांसाठी तसाच मार्ग आखणे अधिक कठीण आहे, कारण तेथे संशोधक नसून आयोजक, नभोवाणी केंद्र किंवा ध्वनिमुद्रिका कंपनी असते आणि प्रत्येकाची नोंदवही वेगळी असते.

अशा नोंदवह्यांचे रकाने ठरलेले असतात. कलावंत, कार्यक्रमाचे नाव, स्थळ, दिनांक, कालावधी, साथीदार. स्थळाच्या रकान्यात परदेशातील शहर येते, गनियारी किंवा भिलाई येत नाही. कलावंताच्या रकान्यात एक नाव येते. पद्मविभूषणसुद्धा, जो २०१९ मध्ये तीजनबाई यांना मिळाला, एकाच नावाला मिळतो. रागीची नोंद झालीच तर साथीदारांत, त्याच्या हातातल्या वाद्याच्या नावाने होते. तो ‘हौ’ किती वेळा म्हणाला, कोठे थबकला, कोणत्या प्रश्नाने त्याने गायिकेला कथेची दिशा बदलायला लावली, हे फीत लावून बसणाऱ्या आणि छत्तीसगढी कळणाऱ्या अभ्यासकालाच टिपून घ्यावे लागते, आणि ते काम अजून बहुतांशी बाकी आहे.